वीतभर कमी

परवा तपकीर गल्लीत मला एक मायक्रो स्विच घ्यायचा होता. नग एक. तो घेऊन बाहेर पडेपर्यंत दुकानातल्या सहा-सात अनोळखी माणसांना कळलं होतं की माझी रेल्वे वीतभर चुकलेली आहे. यातला एकजण तर नुसता सुट्टे पैसे मागायला आला होता.

कारण थोडक्यात सांगतो. माझ्याकडे घरी एचओ स्केलची, म्हणजे खरीच्या 87 पट लहान, रेल्वे आहे. इंजिनाला 12 व्होल्ट वीज मिळते ती रुळांतून, चाकांवाटे. सांध्यात, म्हणजे गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर वळते त्या जागी, जिथे एक रूळ दुसऱ्याला छेदतो, तिथल्या धातूच्या तुकड्याला आम्ही फ्रॉग म्हणतो. सांधा फिरला की त्याची प्लस-मायनस बाजूही फिरवावी लागते, नाहीतर शॉर्ट होतं. आळशी माणसं तो तुकडा बिनविजेचा ठेवतात. मी ठेवला होता. लांब इंजिनं त्यावरून निघून जातात. माझं तीन आसांचं शंटर, म्हणजे डबे इकडून तिकडे हलवणारं छोटं इंजिन, नेमकं तिथेच बसकण मारतं. मग मी बोटाने ढकलतो, आणि आलेले पाहुणे आपसांत बघतात. (कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम असल्यामुळे पाहुणे तसेही माझ्या लेआउटकडे पाच मिनिटं बघून "जोशींकडे मोठं आहे, नाही?" असं म्हणतातच.)

तर ती बाजू फिरवायला स्विच. दुकानदाराने नेहमीचा प्रश्न विचारला, "कशासाठी पाहिजे?" मी नेहमीचं उत्तर दिलं, "मुलाच्या शाळेचा प्रोजेक्ट आहे." मुलगा आता बंगळूरला नोकरी करतो. तपकीर गल्लीत तो अजून आठवीतच आहे.

"लिव्हरवाला की बिनलिव्हरचा?"

इथे माझी चूक झाली. जागा किती आहे ते दाखवायला मी मोबाइलवर सांध्याचा फोटो उघडला.

"सांधा आहे हा," माझ्या खांद्याच्या मागून आवाज आला.

पांढरा बुशशर्ट, खिशात दोन पेनं, हातात पेपरात गुंडाळलेला पंख्याचा रेग्युलेटर. वय सत्तरीच्या पुढे. त्यांनी मला न विचारता दोन बोटांनी फोटो मोठा केला. "साडेआठला एक आहे की बाराला एक?" म्हणजे सांध्याचा कोन किती.

"नाही हो काका, खेळण्यातला आहे."

पंधरा वर्षं मी घरात सगळ्यांना ओरडून सांगतोय की हे खेळणं नाही. आणि पहिल्या परक्या माणसापुढे मीच कबुली देऊन मोकळा झालो.

"पी.डब्ल्यू.आय. होतो मी, रेल्वेत, परमनंट वे इन्स्पेक्टर," काका म्हणाले. "चौतीस वर्षं. रूळ म्हणजे आमचं खातं. ही टंग रेल, सांध्याचा हलता रूळ, नीट चिकटत नाहीये बघा. आणि मधे हे काय लिहिलंय, फ्रॉग? क्रॉसिंग म्हणतात त्याला. बेडूक कुठून आला रुळावर?" पोरगा काउंटरमागे फिसकन हसला. "गेज किती?"

गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. हा प्रश्न मला नको होता.

"साडेसोळा मिलिमीटर."

"आणि स्केल सत्त्याऐंशी? शेठ, कॅल्क्युलेटर द्या."

तो मोठाल्या बटणांचा, दर बटणाला पीं करणारा कॅल्क्युलेटर होता. पीं, पीं, पीं. "1435.5. हे युरोपचं झालं. इंजिन कुठलं आहे तुमचं?"

"आपलंच," मी म्हणालो. तेही अभिमानाने. परदेशी चेसिसवर प्लास्टिक शीट कापून, पॉलिश पेपर मारून, तीन महिने घालवून मी त्याची डब्ल्यूडीएस-4, म्हणजे भारतीय रेल्वेचं डिझेल शंटर, केलेली आहे.

"आपलं म्हणजे 1676 पाहिजे." पीं, पीं. "240.5 कमी." त्यांनी रेग्युलेटर खाली ठेवला, काउंटरच्या काचेवर पंजा ताणून पसरला, अंगठा ते करंगळी. "एवढं. एक वीत, आणि वर अर्धा इंच."

सगळं दुकान त्या वितीकडे बघत राहिलं.

"चार-सहा मिलिमीटर फरक दिसला तरी आमचा जीव खालीवर व्हायचा. तुम्ही वीतभर कमी रुळावर गाडी चालवताय!"

"मग अपघात होणार ना, काका?" पोरग्याने विचारलं.

"अपघात कसला? गाडी रुळावर चढायचीच नाही."

मी म्हणालो, इंग्लंडमध्येसुद्धा 76 पट लहान गाड्या याच साडेसोळाच्या रुळावर धावतात, म्हणजे त्यांचंही सात इंच कमीच आहे. हे वाक्य माझ्या बाजूचं आहे असं मला बोलून होईपर्यंत वाटत होतं.

"म्हणजे आपल्याला साडेपाच फुटी देऊन गेले आणि स्वतःच्या घरी सात इंच मारले," काका म्हणाले. "कमाल आहे."

मला हे ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे? 1676 भागिले 87 म्हणजे 19.26, हा आकडा मला झोपेत विचारा. पण त्या गेजचा रूळ विकायला ठेवलेला मी आजवर एकाही दुकानात पाहिला नाही. स्वतः करायचा तर एकेक स्लीपर कापा, एकेक रूळ सोल्डर करा, प्रत्येक चाकाचा आस बदला. एवढी अवाढव्य रेल्वे असलेल्या देशात आपल्या गेजचा फूटभर छोटा रूळ मिळू नये? परदेशातून जो मागवतो त्यावर ड्युटी भरा, आणि गजभर लांबीचा तो रूळ घरी येतो तेव्हा पार्सलवाल्याने त्याचा पार घाट केलेला असतो. हे सगळं त्या काउंटरवर कुणाला सांगू? मी प्रोजेक्टवाल्या पोराचा बाप होतो.

स्विच पाचाच्या पाकिटात होते. पाचही घ्यावे लागले. काकांचा रेग्युलेटर मिळाला नाही. "हे मॉडेल बंद झालं," शेठ म्हणाला. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.

रात्री 25 वॉटची सोल्डरिंग आयर्न घेऊन टेबलाखाली शिरलो. स्विचची कॉमन तार फ्रॉगला, बाकीच्या दोन दोन्ही रुळांना. वर जॉइंटला आयर्न जरा जास्त वेळ टेकली तेव्हा प्लास्टिकचा एक स्लीपर वितळून वाकला आणि फ्लक्सचा वास सकाळपर्यंत खोलीत राहिला. पण शंटर सांध्यावरून न थांबता गेलं. पहिल्यांदाच. मी खाली वाकून, डोळा रुळाच्या पातळीला लावून बघत होतो, आणि मला दिसत होते फक्त त्या रुंद धुडाखाली जवळजवळ आलेले दोन रूळ. धोतर नेसून सायकलवर बसल्यासारखं.

काकांनी निघताना माझा नंबर घेतला होता. काल फोन आला. रविवारी येतायत.

"घरी गेज आहे का मोजायला?" त्यांनी विचारलं. "नाहीतर मी व्हर्नियर घेऊन येतो."