बसला स्वतःचा ठावठिकाणा माहीत, मग आजींना का नाही?

परवा संध्याकाळी बेळगावात, शहापूरच्या नाथ पै चौकात बसची वाट बघत होतो. शेजारी येळ्ळूरच्या एक आजी, भाजी विकून रिकामी बुट्टी घेऊन घरी निघालेल्या. ‘येळ्ळूरची गेली काय रे बाळा?’ असं त्यांनी मला तीनदा विचारलं. तिन्ही वेळा मला सांगता आलं नाही. पाऊण तासानं बस आली. तोवर कॉलेजची दोन पोरं रिक्षानं गेली, एकानं भावाला फोन करून बाईक मागवली.

घरी आलो तर ग्रुपवर परदेशातल्या चालकाविना टॅक्सीचा व्हिडिओ, आणि खाली प्रश्न, ‘आपल्या स्मार्ट सिटीत हे कधी येणार?’

मला मनापासून वाटतं, ती गाडी आपल्याला आधी नको. बॅटरीवर चालली, चालक नसला, तरी ती रस्त्यावर जागा घेणारच. खडेबाजारात, गणपत गल्लीत आणखी गाड्यांना जागा आहे कुठे? गाड्या वाढल्या की रस्ता वाढवा म्हणतात, आणि आपल्याकडे रस्ता वाढतो तो शिवारातून. हलगा-मच्छे बायपाससाठी पिकाऊ जमीन जाऊ नये म्हणून शेतकरी कोर्टात गेले, रस्त्यावर उतरले. ज्यांनी ती भातशेती बघितलीय त्यांना जास्त सांगायला नको.

आपल्या देशात चालकाविना वाहतूक जमलीय ती रुळांवर. दिल्ली मेट्रोची मॅजेंटा लाइन डिसेंबर २०२० पासून तशी धावते, कारण तिची वाट ठरलेली आणि मोकळी आहे. आपल्याला यंत्राकडून वेगळं काम हवंय.

१ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या नव्या प्रवासी बसमध्ये ठिकाण कळवणारं यंत्र आणि पॅनिक बटण असलंच पाहिजे असा केंद्राचा नियम आहे. म्हणजे बस वडगावात आहे की गोवावेसला, हे कुठेतरी कुणालातरी दिसू शकतं. तीच माहिती स्टॉपवरच्या पाटीवर यायला हवी. आणि आवाजातही, कन्नडबरोबर मराठीत, कारण त्या आजींकडे स्मार्टफोन नव्हता आणि पाटी वाचण्याइतकी नजरही राहिलेली नाही.

सिग्नलचंही तसंच. बस जवळ आलीय हे सिग्नलला कळलं तर हिरवा दिवा काही सेकंद लांबवता येतो. बाहेर कितीतरी शहरांत हे रोजचं झालंय. टिळकवाडीत रेल्वे गेट पडलं की दोन्ही बाजूंनी गाड्या इंजिन चालू ठेवून धूर सोडत उभ्या राहतात. रेल्वे कुठवर आलीय हे रेल्वेच्या यंत्रणेला ठाऊक असतं. ते अलीकडच्या चौकात आधीच दिसलं तर माणूस वेळेवर दुसरी वाट धरेल.

जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या २० शहरांत बेळगावचं नाव आलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. पण पर्यावरणाचं खरं काम मला ११ जून २०२३ नंतर दिसलं, कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत बायकांना बस मोफत झाली तेव्हा. खानापूरकडच्या मुली, हिंडलग्याच्या कामवाल्या मावश्या, सगळ्या बसमध्ये. भरलेली एक बस किती स्कूटर घरी ठेवते बघा! ही गर्दी टिकवायची असेल तर बस वेळेवर हवी, आणि उशीर होणार असेल तर तो आधी कळायला हवा.

मी या आठवड्यात महापालिकेला निवेदन देतोय. उचगाव, बेळगुंदी, कंग्राळी, मच्छे, तुमच्या गावची शेवटची बस किती वाजता आहे आणि खरोखर किती वाजता येते, ते खाली लिहा. सगळं जोडतो.