खुलासा: पबमेडवर दिसला म्हणजे पुरावा पक्का नाही

लातूर-नांदेडकडच्या नर्सिंगच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘प्रश्न अवतरणचिन्हांत टाका, फ्री फुल टेक्स्ट फिल्टर लावा, पबमेडवर येतं ते सिद्ध झालेलंच असतं.’ हे बरोबर नाही.

पबमेड ही वैद्यकीय संशोधनाच्या लेखांची ऑनलाइन सूची आहे. तिच्यात संपादकाला लिहिलेली पत्रं, एकेका रुग्णाचे अहवाल, मागे घेतलेले लेखही असतात. फुकट मिळणं आणि दर्जा यांचा काही संबंध नाही. फक्त फुकटचे लेख दाखवणाऱ्या त्या फिल्टरने चांगले लेख गळतात. आधी सिस्टिमॅटिक रिव्ह्यूचा (एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास पद्धतशीर तपासणाऱ्या लेखांचा) फिल्टर लावा.

अवतरणचिन्हांमुळे पबमेड समानार्थी शब्द आपोआप जोडत नाही. बेडसोरसाठी (अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला दाबामुळे होणाऱ्या जखमेसाठी) ‘प्रेशर अल्सर’ आणि ‘प्रेशर इंज्युरी’ दोन्ही इंग्रजीत टाका, कारण 2016 नंतर दुसरा शब्द रुळला. शोध डावीकडून उजवीकडे चालतो. रुग्णाची कूस बदलण्याबद्दल शोधताना ‘प्रेशर अल्सर अँड टर्निंग ऑर रिपोझिशनिंग’ टाकलं, तर रिपोझिशनिंगचे सगळेच लेख येतात, अगदी दातांचेसुद्धा! म्हणून ऑरने जोडलेले शब्द कंसात ठेवा. अँड, ऑर इंग्रजी कॅपिटलमध्ये (AND, OR) लिहा.

सिस्टर, ब्रदर, तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा टाका.