मन्याचा गार्ड आणि सात सेंटीमीटर

मन्याच्या नव्या गाडीला पुढे लोखंडी गार्ड बसलाय. चहा येण्याआधीच पेटलं.

"बंपर नाही, प्लास्टिकचं ताट आहे ते! बोटानं दाबलं तरी आत जातं," मन्या.

"जायलाच हवं, रस्त्यावरचा माणूस धडकला तर त्याचा पाय वाचावा म्हणून," अनघा म्हणाली. "कव्हरमागे फोम, फोममागे बीम, खाली आणखी एक आडवा आधार. नडगी वरखाली एकदमच ढकलली जाते, गुडघा कडेला मोडत नाही. एआयएस-१०० या पादचारी सुरक्षेच्या भारतीय मानकात पायाचा नमुना ताशी ४० किलोमीटरनं यावरच आदळतात. तू तिथे पाइप लावलास."

"आणि पार्किंगमध्ये कुणी ठोकलं की?"

"क्लिपा तुटतात, दिवा फुटतो, खर्च येतो. पायाला मऊ हवं, किरकोळ धक्क्याला कडक हवं, ही ओढाताण आहेच. मी पाय निवडते."

शिऱ्यानं त्या माणसाच्या डोक्याचं विचारलं, ते बॉनेटवर आदळतं त्याचं काय? ती बोट कपात बुडवून फरशीवर आकडे काढायला लागली. चाचणीत डोक्याचा नमुना ताशी ३५ किलोमीटरनं आदळतात, म्हणजे सेकंदाला ९.७ मीटर. एवढ्या वेगाचं डोकं सरासरी ७० जीनं (गुरुत्वाकर्षणाच्या सत्तर पट) थांबवायचं तर जवळपास ७ सेंटीमीटर लागतात. पत्र्याखाली तेवढी मोकळी जागा हवी. मध्येच इंजिन, बॅटरी किंवा सस्पेन्शनचा टॉवर लागला की संपलं. चाचणीत मुलाचं डोकं साडेतीन किलोचं, मोठ्याचं साडेचार.

"मग बॉनेट उंच करा की!" मन्या लगेच खूश.

"केलं की समोरचं पोर दिसत नाही. शिवाय उंच नाकाची गाडी माणसाला बॉनेटवर घेत नाही, कमरेत मारून खाली पाडते. म्हणून काही गाड्यांत बॉनेटची मागची कड धडकेनंतर उडते. बंपरमधले सेन्सर पाय लागल्याचं ओळखतात, डोकं पोचायच्या आत कड सुमारे १० सेंटीमीटर वर. व्होल्वोनं २०१२ मध्ये व्ही४० ला काचेखाली एअरबॅगही दिली, ताशी २० ते ५० च्या दरम्यान उघडणारी."

"कुत्रं आडवं आलं तर?"

"तरी कड उडू शकते. सेन्सरला धक्का कळतो, माणूस कळत नाही. मग कड उचलणारे ॲक्च्युएटर नवे, बिल मोठं."

"त्यापेक्षा आपोआप ब्रेक लागणारी गाडी बरी," शिऱ्या.

"बरीच बरी. ५० चा वेग ३५ वर आला तरी ऊर्जा निम्मी होते. पण रात्री, पावसात कॅमेरा चुकतो. तेव्हा पत्राच वाचवतो."

"आमच्या गावच्या रस्त्यावर गुरं असतात, गार्ड लागतोच!"

"डिसेंबर २०१७ मध्येच केंद्रानं गार्डवर कारवाई करायला सांगितलंय. आणि तो चासीला बोल्ट केलायस. समोरून ठोकर बसली की चेपायचा भाग बाजूलाच राहतो, धक्का सरळ चासीत. एअरबॅग कधी उघडायची तो हिशेबही बिघडतो. तुझीच एअरबॅग, मन्या."

मन्या गप्प. एवढ्यात पद्याला स्वतःची स्कूटर आठवली. मन्यानं लग्नाला म्हणून नेली होती, परत आली ती एका इंडिकेटरवर.

"गार्ड काढलास की माझ्या स्कूटरला लाव. पुढच्या वेळी तू मागशील तेव्हा उपयोगी पडेल."

चहा सांडेपर्यंत हसलो. फरशीवरचे आकडेही त्यातच पुसले गेले.