विलायतेत आजारी कसं पडावं

इंग्लंडला राहायला निघालात? मग आजारपणाचे पैसे इथूनच भरून जा. व्हिसाच्या अर्जासोबत हेल्थ सरचार्ज म्हणून बहुतेक मोठ्या माणसांमागे वर्षाला १,०३५ पौंड घेतात, आणि व्हिसा जितक्या वर्षांचा तितक्या वर्षांचे एकदम. एवढे मोजल्यावर ठणठणीत राहणं ही शुद्ध उधळपट्टी आहे. तेव्हा उतरल्या उतरल्या वसुलीला लागा.

आजार मात्र यादी बघून निवडा. जानेवारी २०२४ च्या अखेरीपासून तिथे ‘फार्मसी फर्स्ट’ योजना चालू आहे. सात ठरावीक दुखण्यांवर औषधाच्या दुकानातला फार्मासिस्टच तपासून गोळ्या देऊ शकतो, गरज वाटली तर अँटिबायोटिकसुद्धा. अटी साध्या आहेत. कान दुखायचा असेल तर तो अठराव्या वाढदिवसाच्या आत दुखवून घ्यावा. मूत्रमार्गाचा संसर्ग फक्त बायकांनी करून घ्यावा, तोही १६ ते ६४ या वयात. पासष्टी गाठलेल्या आजींनी जीपीला, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरला, फोन करावा.

हा जीपीचा फोन सकाळी ८ वाजता सुरू होतो. तुम्ही ८ वाजून १ मिनिटाने लावलात तर तुमच्या पुढे गावभरचे खोकले उभे असतात. ऑक्टोबर २०२५ पासून ऑनलाइन अर्ज दिवसभर खुला ठेवायचा नियम झालाय, पण फोनवरच्या रिसेप्शनिस्टशी दोन हात केल्याशिवाय आजारपणाला रंगत नाही. तिला काय सांगायचं याचा आधी घरी सराव करा. ‘जरा बरं नाहीये’ म्हणालात तर ती फार्मसीत पिटाळेल. भीड सोडून ‘छातीत दुखतंय’ म्हणालात तर ९९९ हा अँब्युलन्सचा नंबर लावायला सांगेल. (खरंच दुखत असेल तर हा लेख टाका आणि ९९९ लावा.) या दोन टोकांच्या मधलं दुखणं तुम्हाला जमलं पाहिजे.

इमर्जन्सीत जाऊन बसायचा विचार असेल तर डबा न्या. चार तासांत ९५ टक्के रुग्णांचा निकाल लावायचं उद्दिष्ट तिथे आहे. देशपातळीवर ते शेवटचं गाठलं गेलं २०१५ साली.

नोकरीची काळजी नको. आजारपणाचे पहिले सात दिवस डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही. मला बरं नव्हतं, हे आपणच लिहून द्यायचं. आपल्याकडे खोट्या सर्टिफिकेटसाठी ओळखी काढाव्या लागतात, आणि तिथे लोकांवर सरळ विश्वास ठेवतात! फार गैरसोय होते.

सुपरमार्केटात पॅरासिटामॉलचं पाकीट सोळाच गोळ्यांचं मिळेल. १९९८ चा हा नियम अतिमात्रेने होणारे मृत्यू टाळण्यासाठी आहे, त्याची थट्टा करणार नाही. थट्टा तुमच्या बॅगेची करतो. भावजींच्या दाढदुखीतून उरलेल्या चार अँटिबायोटिक गोळ्या, नाव पुसलेली खोकल्याची बाटली आणि मावशीने ‘असू दे’ म्हणून कोंबलेलं काहीतरी पिवळं. विषाणूच्या सर्दीवर यातलं काहीही चालत नाही, पण नेमाने घ्यावं. नाहीतर सर्दी जायला आठवडा लागतो.

शेवटी जीपी भेटतोच. घसा बघतो, छाती तपासतो आणि सांगतो, ‘व्हायरल आहे, आराम करा, पाणी प्या.’ इंजेक्शन नाही, लाल औषध नाही, साधं ‘तेलकट खाऊ नका’सुद्धा नाही. सगळ्यात संताप कशाचा येतो, तर त्याचं बरोबर असतं.

पण हे घरी फोनवर सांगू नका. काही झालेलं नाही म्हणणाऱ्या डॉक्टरवर आपल्याकडे कोणाचाच विश्वास बसत नाही. आई रात्रभर जागेल आणि काका दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायला लावतील. त्यापेक्षा ‘स्पेशालिस्टकडे पाठवलंय’ म्हणा. लगेच समाधान होईल. आणि पुढचे १८ आठवडे ‘काय म्हणाला स्पेशालिस्ट?’ असं विचारलं की ‘अजून नंबर लागला नाही’ म्हणायचं. तेवढी मुदत तर तिथल्या सरकारनेच घालून घेतलीय.