कान बिघडल्याचं खापर ॲपवर कशाला?

कोल्हापुरातल्या पालकांच्या आणि गाण्याच्या क्लासच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. मुलांना वेब-ॲपवर (ब्राउझरमध्ये चालणाऱ्या ॲपवर) पियानोचे कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवायचे स्वरांचे गट, शिकवू नका, असं त्यात म्हटलंय. कारणं चार: कान बेसूर होतो, कॉर्ड आपल्या संगीतातले नाहीत, थिअरी म्हणजे घोकंपट्टी, आणि गुरूवाचून विद्या नाही. शेवटी हात जोडलेले असल्यामुळे कुणी उलट बोलत नाही. मी बोलतो.

कानाचं आधी घेऊ, कारण त्यात तथ्य आहे. पियानोच्या सप्तकाचे बारा सारखे भाग पाडलेले असतात, प्रत्येक भाग १०० सेंटचा (सेंट हे स्वरांमधलं अंतर मोजायचं माप). त्यामुळे शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर पडतो. तंबोऱ्याच्या खर्जातून उमटणारा स्वयंभू गंधार मात्र साधारण ३८६ वर असतो. हा १४ सेंटचा चढेपणा तयार कानाला खुपतोच. पंचमाचं भांडण नाही, तो ७०० आणि ७०२, म्हणजे जवळपास जागेवरच. पण यात ॲपचा काय गुन्हा? घराघरातली पेटीसुद्धा आज बहुधा याच मापाने लावलेली असते. स्वर हलत नाहीत, मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही, म्हणून आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत शिथिल झाली नाही. आणि याच पेटीवर नाव काढलं ते गोविंदराव टेंब्यांनी. अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी गवई होते, त्या कोल्हापूरचे टेंबे. खाँसाहेबांचं चरित्रही त्यांनीच लिहिलं. पट्ट्यांवर बोटं ठेवून कान बिघडत असता तर टेंब्यांना खाँसाहेबांचं गाणं कळलंच नसतं.

कान बिघडतो, पण वेगळ्याच कारणाने, आणि ते मेसेजमध्ये नाही. बऱ्याच ॲपमध्ये दाबायच्या पट्ट्या आधीच रंगवून दाखवतात. पोर रंग बघून बोटं ठेवतं, आवाज ऐकायची गरजच उरत नाही. हे रंग बंद करायची सोय नसेल तर ते ॲप खुशाल सोडा.

आता 'कॉर्ड आपले नाहीत' हे. ख्यालाच्या मागे कुणी कॉर्ड धरले तर मीही उठून जाईन. पण मेसेज पाठवणाऱ्यांच्या घरी दिवसभर ख्यालच वाजतो का? भावगीतं, सिनेमाची गाणी, गणपतीतला ऑर्केस्ट्रा, या सगळ्यांत कीबोर्डवाल्याचा डावा हात कॉर्डच धरून असतो. शिवाय सरगम येणाऱ्या पोराला ते अवघडही नाहीत. पांढरी एक, म्हणजे सी ची पट्टी, सा धरा. सा-ग-प एकदम दाबले की सी मेजर, ग कोमल केला की सी मायनर. काळ्या पट्ट्या न छेडता पांढरी एकपासून चढत गेलं की बिलावल थाटाचे (थाट म्हणजे सात स्वरांचा साचा) स्वर मिळतात, दोनपासून काफीचे, तीनपासून भैरवीचे, चारपासून कल्याणचे. मूर्च्छना, म्हणजे तेच स्वर ठेवून सा बदलणं, शिकलेल्यांना यात नवं काही वाटणार नाही.

घोकंपट्टीचा आरोप लवकर मिटतो. मेजर, मायनर, डिमिनिश्ड, ऑगमेंटेड असे चार प्रकार, बारा स्वरांवर मिळून ४८ कॉर्ड. नावं पाठ करायला बसलं तर वैताग येणारच. कॉर्डच्या तीन स्वरांमधली दोन अंतरं समजली तर, याच चार प्रकारांच्या क्रमाने, लक्षात ठेवायचं एवढंच: ४-३, ३-४, ३-३, ४-४. (प्रत्येक अंतर अर्ध्या स्वरांत, काळ्या पट्ट्या धरून.) त्यातला कुठलाही मध्येच, उलटापालटा करून विचारायचं काम ॲप चांगलं करतं, आणि कितीही वेळा चुकलं तरी ते चिडत नाही.

गुरूबद्दल वाद नाही. जोडलेल्या मिडी कीबोर्डवरून (दाबलेल्या पट्ट्यांची माहिती कॉम्प्युटरला पाठवणाऱ्या) ॲपला कळतं ते इतकंच: कुठली पट्टी दाबली, केव्हा, किती जोराने आणि कधी सोडली. मनगट आखडलंय, खांदे वर चढलेत, अंगठा चुकीच्या वेळी वळतोय, हे शेजारी बसलेल्या माणसालाच दिसतं. पण त्या माणसाचा आठवड्यातला तासभर 'एफ मेजर सांग बघू' यातच का घालवायचा?

मेसेज पुढे ढकलायचाच असेल तर निदान कामाच्या गोष्टी तरी जोडा. लॅपटॉपच्या साध्या कीबोर्डवर तीन कळा एकदम दाबल्या तर कधीकधी तिसरी नोंदलीच जात नाही. मुलाचं बरोबर असूनही ॲप चूक दाखवतं आणि पोर हिरमुसतं. ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज मागाहून येतो, त्यात लय शिकता येत नाही. आयफोनच्या सफारीत मिडी कीबोर्ड जोडून उपयोग नाही. तेव्हा यूएसबीचा साधा मिडी कीबोर्ड, वायरचा हेडफोन आणि क्रोम चालणारा लॅपटॉप घ्या. आणि कॉर्ड दाबायच्या आधी त्यातले तिन्ही स्वर मुलाकडून एकेक करून गाऊन घ्या.