टक् वाजलं म्हणजे स्टार्टर गेला?

जुन्या जेट बोटींच्या मालकांमध्ये एक सल्ला फिरत असतो : ‘चावी फिरवल्यावर नुसतं टक् वाजलं, तर स्टार्टर बदला. इंजिन फिरतंय पण पेटत नाही, तर स्टार्टिंग स्प्रे मारा. बोट जमिनीवर असेल तर नळीने इंजिनात थंडाव्याचं पाणी सोडून पेटेपर्यंत सेल्फ मारत राहा. आणि स्टार्टर मोटारगाडीचाही चालतो, इंजिन तेच असतं.’ यातलं पहिलं वाक्य खिसा रिकामा करतं. बाकीच्यांचं नुकसान त्याहून मोठं.

टक् आवाज सोलेनॉइडचा, म्हणजे स्टार्टरला वीज जोडणाऱ्या चुंबकी स्विचचा. चावीपासून तिथवर वीज पोचली, एवढंच तो सांगतो. पुढे मल्टिमीटर हवा. पूर्ण भरलेली बॅटरी स्वस्थ असताना साधारण 12.6 व्होल्ट दाखवते, 12.2 म्हणजे जेमतेम अर्धी. पण या आकड्यावर विसंबू नका, सेल्फ मारताना मोजा. तेव्हा व्होल्टेज 9.6च्या खाली घसरलं तर आधी बॅटरीकडे बघा. बॅटरीवर ठीक, पण स्टार्टरवर कमी? मग वाटेत व्होल्टेज वाया जातंय. मीटरची एक टोचणी बॅटरीच्या धन टोकावर, दुसरी स्टार्टरच्या बोल्टवर ठेवून सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर मधला एखादा जोड गंजलाय. ऋण टोक आणि इंजिनाचा ब्लॉक यांच्यातही हेच करा. ओलसर जागेतल्या जुन्या बोटीत दोषी बहुधा अर्थिंगची वायरच निघते.

हे सगळं ठीक निघालं तरी स्टार्टर खोलू नका. बहुतेक जेट बोटींत इम्पेलर (पाणी मागे फेकून बोट पुढे ढकलणाऱ्या पंपाचं पातं) इंजिनाला थेट जोडलेला असतो, मध्ये क्लच नाही. इम्पेलरमध्ये दगड अडकला, शाफ्टला दोरी गुंडाळली गेली किंवा पंपाचं बेअरिंग गंजून धरलं, की इंजिनच अडतं आणि वर ऐकू येतं तेच टक्. बॅटरीची वायर काढून खालून जाळीतून बघा, शाफ्ट हाताने फिरतो का तपासा. फिरत नसेल तर स्पार्क प्लग काढा. तरीही हलला नाही, तर नवा स्टार्टरही तसाच जळेल. आणि प्लगच्या भोकातून पाणी आलं, तर तिसऱ्या सल्ल्याची करामत समजा.

कारण इंजिन चालू असताना एक्झॉस्टचा वायू पाणी बाहेर ढकलतो. बंद इंजिनात नळी सोडली की पाणी एक्झॉस्टमध्ये साचत मागे सिलिंडरपर्यंत चढतं. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड मात्र वाकतो. अशा इंजिनांत क्रम असा : आधी इंजिन, मग पाणी. बंद करताना आधी पाणी, लगेच इंजिन. सेल्फसुद्धा एका वेळी दहाएक सेकंदच, मग स्टार्टरला निवू द्या.

स्प्रेचं तर नावच नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती बोटीच्या तळाशी साचते. तिथे ज्वालारोधक (हवेच्या वाटेवरची, भडका अडवणारी जाळी) काढून ईथर, म्हणजे तोच स्प्रे, मारायचा आणि इंजिनाने उलट भडका दिला तर? शिवाय टू-स्ट्रोकमध्ये वंगण पेट्रोलबरोबर येतं, ईथरबरोबर नाही. त्याऐवजी आधी ब्लोअर (तळाची वाफ बाहेर टाकणारा पंखा) चालवा, किल स्विचची, म्हणजे चालक पडल्यास इंजिन बंद करणाऱ्या स्विचची, दोरी नीट बसली आहे का बघा (काही बोटींत ती नसली तरी इंजिन फिरतं, फक्त ठिणगी येत नाही), मग प्लग काढा. पेट्रोलने ओला असेल तर ठिणगीकडे वळा, कोरडा असेल तर इंधनाकडे : शिळं पेट्रोल, आतून विरघळलेल्या नळ्या, तुंबलेला फिल्टर. कॉम्प्रेशनही, म्हणजे सिलिंडरमधला दाबही, मोजा. सिलिंडरांमध्ये दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर कार्ब्युरेटर धुवून काही होणार नाही.

राहिला मोटारगाडीचा स्टार्टर. तो बसेलही, फिरवेलही. पण बोटीच्या स्टार्टरची घडण अशी असते की आतली ठिणगी बाहेरच्या वाफेला पेटवत नाही. मोटारीखाली हवा खेळती असते, बोटीत इंजिन बंद पेटीत बसलेलं असतं.