मनासारखा हस्ताक्षर तज्ज्ञ कसा नेमावा

आबांच्या मृत्युपत्रावरची सही खोटी आहे, हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. खरी असती तर घर धाकट्याच्या नावावर कसं गेलं असतं? तेव्हा आता फक्त तसं लिहून देणारा तज्ज्ञ शोधायचा.

फोनवर पहिला प्रश्न फीचा नको. ‘रिपोर्ट आपल्या बाजूनं येईल ना?’ असं सरळ विचारा. ‘आधी मूळ कागद बघू द्या’ म्हणणाऱ्याचा नंबर तिथंच डिलीट करा. असली माणसं पुढं फार त्रास देतात. व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो बघून जो ‘शंभर टक्के बोगस’ म्हणतो, तो आपला माणूस. सहीवरून स्वभाव सांगणारा मिळाला तरी चालेल. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ३९ प्रमाणे (जुन्या कायद्यातलं कलम ४५) विशेष कौशल्य असलेल्याचं मत कोर्ट विचारात घेतं. याचं कौशल्य नेमकं कशात, ते समोरचे वकील उलटतपासणीत काढतीलच.

तपासायला झेरॉक्स द्या, जमल्यास झेरॉक्सची झेरॉक्स. मूळ कागद भिंगाखाली धरला की पेन कुठं टेकलं, कुठं उचललं, दाब कुठं वाढला, रेघ मध्येच थबकली का, सगळं दिसतं. नसती भानगड! झेरॉक्समध्ये रेघ कापरी दिसली तर ती म्हाताऱ्या हातानं काढलीय, कुणी गिरवलीय की दुकानदारानं काच पुसली नव्हती, हे कुणीच सांगू शकत नाही. मग तुम्ही म्हणाल ते खरं.

खरी मेख नमुना सह्यांत असते. आबांनी मृत्युपत्र केलं ते ऐंशीच्या घरात, हाताला कंप सुटल्यावर. तुम्ही नमुना द्या तो नोकरीला लागतानाच्या सर्व्हिस बुकातला: ठसठशीत अक्षर, एका झटक्यात ओढलेली शिरोरेषा. फरक आंधळ्यालाही दिसेल. मृत्युपत्राच्याच वर्षातले चेक आणि पेन्शनसाठीचा हयातीचा दाखला कपाटाच्या तळाशी राहू द्या. त्यांवरही शिरोरेषा नावाच्या मध्यावर तशीच अडखळते, पण ते तज्ज्ञाला कशाला सांगा?

आणि समजा जुळलीच सही? घाबरू नका. कुठलाही माणूस दोनदा तंतोतंत सारखी सही करत नाही. दोन सह्या एकमेकींवर हुबेहूब बसल्या तर गिरवल्याचा संशय घेतात. त्यातला ‘हुबेहूब’ तेवढा गाळा. म्हणजे वेगळी दिसली तर खोटी, सारखी दिसली तर गिरवलेली. याला परंपरा आहे. १८९४ साली फ्रान्समध्ये कॅप्टन द्रेफ्यूसवरच्या हेरगिरीच्या खटल्यात पुराव्यातल्या चिठ्ठीबद्दल आल्फोन्स बर्तियाँनं सांगितलं की अक्षर जुळत नाही तिथंही ते द्रेफ्यूसचंच आहे, कारण त्यानं स्वतःच्याच अक्षराची नक्कल केलीय! बर्तियाँचा लौकिक गुन्हेगारांच्या अंगाची मापं घेण्यातला, हस्ताक्षरातला नव्हे. द्रेफ्यूस निर्दोष ठरायला १९०६ उजाडलं. बारा वर्षं. आपल्या दिवाणी दाव्यांच्या मानानं तशी फार नाहीत.

रिपोर्ट एका पानाचा घ्या. सर्वोच्च न्यायालयानं मुरारीलाल खटल्यात (१९८०) तज्ज्ञाच्या मतामागची कारणं नीट तपासायला सांगितलंय. कारणंच लिहिली नाहीत तर तपासणार काय? मोठे केलेले फोटो, तक्ते वगैरे नकोत. प्रिंटचे पैसेही वाचतात.

मृत्युपत्रावरचे दोन्ही साक्षीदार अजून हयात आहेत, ‘आबांनी आमच्यासमोर सही केली’ म्हणतात आणि त्यातले एक तर तुमचेच मामा आहेत. वयामुळं विसरले असतील.

धाकटाही आपला तज्ज्ञ आणेल आणि तो सही खरी असल्याचं शपथेवर सांगेल. त्याच्यावर चिडू नका. कोर्टाच्या आवारात चहा पाजा आणि नंबर घेऊन ठेवा. आईनं तुम्हाला करून दिलेल्या बक्षीसपत्रावरून ताईनं नुकताच वकील गाठलाय म्हणे.